रुमालाखालचे घोट

किस्से ठरवून कुणी साठवत नाही. बांधावरच्या गवतासारखे ते आपोआप वाढतात, आणि एक दिवस पाहावं तर पायवाट दिसेनाशी झालेली असते. आमच्या गुरुवारच्या वर्गाचे किस्से असेच वाढलेत. आमचा फिजिओथेरपिस्ट अमर म्हणतो, "तू हे लिहून काढ बाई. नाहीतर एखाद्या लग्नात ताट समोर आलं की तुला रडू फुटेल, आणि लोकांना वाटेल रस्सा तिखट झालाय!"

लग्नाचंच का सुचलं त्याला, ते कळेलच.

आधी वर्ग कसला ते सांगते. आष्ट्यात एका दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये दर गुरुवारी आम्ही वयस्कर माणसांना बोलावतो. हातापायांचं अमर बघतो, गळ्याचं मी. मी थेरपिस्ट, बोलण्याची आणि गिळण्याची. वय झालं की पोटरी जशी बारीक होते, तसाच गळाही आतून बारीक होतो. तिथेही स्नायूच आहेत. त्यांना काम दिलं नाही, नीट खायला घातलं नाही, की ते वाळतात. मग घास आणि पाणी अन्नाची वाट सोडून श्वासाच्या वाटेला लागतात. माणूस जेवताना खोकतो, वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात, "वय झालं आता."

हे "वय झालं आता" ऐकलं की माझं डोकं फिरतं!

*

पहिल्याच गुरुवारी शिराळ्याहून आक्का आल्या. सोबत सून. आक्कांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तू काय शिकवतीस गं पोरी?"

"गिळायला शिकवते, आक्का."

"आँ?"

"घास कसा गिळायचा ते."

आक्का सुनेकडे वळल्या. "हिला कॉलेजात पाठवली, आन् ही हे शिकून आली? आमची सासू फुकट शिकवायची की. ताट आपटायची आन् म्हणायची, गिळ!"

हॉलमध्ये असं हसू उसळलं की मी पाठ करून आणलेलं भाषण तिथंच संपलं. त्या दिवसापासून मी "गिळायच्या मॅडम". एस्टीतला कंडक्टरसुद्धा विचारतो, "गिळायच्या मॅडम, आष्टा का?"

हसण्यात पुढचं बोलणं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही. आक्का सुनेला हळूच म्हणाल्या होत्या, "पन मला खरंच उतरत न्हाई गं. मी कुनाला सांगत न्हाई."

*

इलाहीचाचा दुसऱ्या की तिसऱ्या गुरुवारी आले. सगळं आयुष्य सांगलीच्या बाजारात हळदीच्या दलालीत गेलेलं, आता आष्ट्यात मुलाकडे. खांद्यावर मोठा पिवळट रुमाल. धुऊन धुऊन विरलेला, पण हळद काही सुटलेली नाही. अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी असावा इतका सैल. तो त्यांचाच होता. माणूस आत कमी झाला होता.

सून शबाना सांगू लागली, "अब्बा जेवताना खोकतात. पेज देतो, ती पण..."

चाचांनी तिला हातानं थांबवलं. "बेटा, मी सांगतो. माझी नात आहे, निलोफर. तिचं लग्न करायचंय. त्या लग्नात मला पाहुण्यांच्या बरोबर दस्तरखानावर, एका पंगतीत बसून जेवायचंय. घरात मी आतल्या खोलीत जेवतो. माझ्या खोकल्यानं दुसऱ्याचं जेवण खराब व्हायला नको. पण लग्नात मी आतल्या खोलीत बसणार नाही. एवढं जमवून दे. बाकी तुझं कॉलेजचं तू बघ."

मी म्हटलं, जमवू. तेव्हा मला सगळंच जमेल असं वाटायचं.

पहिला व्यायाम सोपा होता. टॉवेलची गुंडाळी हनुवटीखाली धरायची, हनुवटीनं दाबायची, आणि दाबून धरूनच जोरात घोट गिळायचा. गुंडाळी त्यांच्याच रुमालाची केली. म्हटलं, "दहा वेळा."

"दहा?" चाचांना धक्का बसला. "हा काय भाव झाला? असा सौदा उघड्यावर करतात होय?"

त्यांनी रुमाल सोडला, माझा हात पुढे घेतला, आणि दोघांच्या हातांवर रुमाल टाकला. पूर्वी बाजारात सौदा असा व्हायचा म्हणे. तोंडानं कुणी बोलायचं नाही. रुमालाखाली समोरच्याची जितकी बोटं धराल तितका तुमचा भाव. पंजा धरला की पाच. हात काढून घेतला की सौदा मोडला. टाळी दिली की पक्का.

"आणि एक," चाचा म्हणाले, "रुमालाखाली काय ठरलं ते बाहेर सांगायचं नाही. कुणी विचारायचं पण नाही."

त्यांनी माझी तीन बोटं धरली. मी पंजा दोनदा दाबला. त्यांनी चार धरली. शेवटी सातावर टाळी पडली, आणि मला वाटलं मी जिंकले.

अमर लांबून बघत होता. "अगं, ते सातच करणार होते. चेहरा बघ त्यांचा!"

*

सुभेदारसाहेबांची अडचण उलटी. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त, आता लेकीच्या घरी आष्ट्यात. जेवायला बसले तरी पाठ ताठ, छाती पुढे, हनुवटी वर. मी सांगत होते, घोट घेताना हनुवटी छातीकडे न्या, तुमचं पाणी चुकीच्या वाटेला जातंय.

"मॅडम," ते म्हणाले, "आयुष्यभर मान वर ठेवली. दुश्मनापुढं खाली घातली न्हाई. आता पाण्याच्या घोटापुढं घालू?"

महिनाभर हाच वाद. मी चित्रं दाखवली, व्हिडिओ दाखवले, चिडले. शेवटी अमर पुढे झाला, टाच जुळवून उभा राहिला आणि ओरडला, "साहेब, ऑर्डर आहे!"

सुभेदारांची हनुवटी त्याच क्षणी खाली!

त्यानंतर वर्गाची कवायत त्यांनीच ताब्यात घेतली. दर गुरुवारी सगळ्यांच्या हातात पाण्याचे ग्लास, आणि सुभेदारांचा आवाज हॉलबाहेर रस्त्यापर्यंत, "घोट... ले! ठुड्डी... नीचे! निगल!" एकदा शेजारच्या किराणा दुकानातला माणूस धावत आला. त्याला वाटलं भांडण लागलं.

चाचांना हे फार आवडायचं. ते म्हणायचे, "आमच्या घरी लहानपणी शिकवायचे, पाणी बसून प्यावं, तीन घोटात प्यावं. बाजारात गेलो आणि विसरलो. बाजारात एक तांब्या, दहा माणसं. तोंड लावायचं नाही. मान मागं टाकायची आणि वरून धार." त्यांनी मान मागं टाकून दाखवली. गळ्याचं हाड वर आलं. "मरद माणूस असाच पितो म्हणायचे."

"आता तसं प्यायचं नाही," मी म्हटलं.

"नाही बेटा. आता तुझा ग्लास, तुझी पावडर."

पातळ पाणी त्यांना झेपत नसे. ते थोडं घट्ट करायची पावडर शबाना पिशवीतून सगळीकडे न्यायची.

*

आक्कांच्या सुनेवर मी एकदा आवाज चढवला होता. आक्का दिवसभर खुर्चीत बसतात म्हणून.

"तुम्ही त्यांना काहीच करू देत नाही. पाय वाळले, हात वाळले, गळा वाळला. माणूस आहे का शोभेची वस्तू?"

सून बिचारी रडवेली झाली. "आवं मॅडम, आमी काय कमी केलं? पाण्याचा गिलास हातात देतो. आंगुळीला पानी काढून देतो. ताट खुर्चीत देतो."

कमी काहीच केलं नव्हतं. तेच तर!

अमरनं आक्कांना काम लावलं. रोज अंगण झाडायचं, खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं. उठबशा म्हटल्यावर आक्का बिथरल्या, "मी काय केलंय म्हनून शिक्षा?" पण करू लागल्या. पुढच्या महिन्यात पाय भरले, आवाज सुधारला. आणि मग एका गुरुवारी सून एकटीच येऊन अमरपुढं उभी राहिली.

"सर, झाडायचं तेवढं बंद करा. गल्लीत लोक म्हनत्यात, सून बसलीया आन् सासूला राबवतीया. माझ्या माहेरापर्यंत गेलं."



त्यावर आक्कांनीच तोड काढली. आता त्या परसदारी झाडतात. आधी पुढचं दार लावून घेतात, कडी घालतात, मग केरसुणी उचलतात. सून खिडकीपाशी उभी राहून गल्लीवर नजर ठेवते. कुणी आलं की खुणावते, आणि आक्का पळत खुर्चीत!

"पळत?" अमरनं विचारलं.

"पळत!" सून म्हणाली.

एरवी पेशंटच्या घरच्यांशी भांडणारा अमर त्या आठवड्यात कुणाशीही भांडला नाही.

*

सुभेदारांच्या वाढदिवसाला त्यांच्या लेकीनं सांगलीचं भडंग आणलं. मी नको नको म्हणेपर्यंत पुडे फुटले. सांगलीकडच्या माणसाला भडंग नको म्हणणारी मी कोण!

आक्कांनी मूठ तोंडात टाकली आणि ठसका लागला. डोळे पांढरे. सगळा वर्ग एकदम उठला. कुणी टाळूवर थापटतंय, कुणी पाठीवर, आणि सगळ्यांच्या तोंडात एकच, "वर बघा! आक्का, वर बघा! वर बघा!"

तुमच्या-माझ्या घरात हेच चालतं. लहानपणी मलाही आजी हेच म्हणायची. ठसका लागला की टाळूवर चापट्या, आणि वर बघ. प्रेमानंच म्हणतात. पण मान मागं गेली की श्वासाची वाट आणखी उघडते, आणि उरलेलंही आत जातं!

मी ओरडले, "खाली! खाली बघा!"

सुभेदार खुर्चीखाली वाकले. "काय पडलं?"

आक्कांना पुढं वाकवलं, खोकू दिलं, भडंग बाहेर आलं. डोळे पुसून आक्का म्हणाल्या, "कोन एवढी आठवन काढत हुतं कुनास ठावं."

"आक्का, तुमची कवळी कुठंय?"

"कपाटात हाय. डब्यात."

"कपाटात कशाला?"

"नवी हाय. लेकानं केलीया."

"मग घालत का नाही?"

"झिजंल की!"

चाचा हसून हसून वाकले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, निलोफरच्या लग्नात मला ठसका लागला तर तू जवळ बस. हे सगळे मला वर बघायला लावतील."

मी म्हटलं, बसते. लग्नात बसते.

*

पावसाळा सरला तोवर चाचांची पकड बदलली होती. ते पकड मोजायच्या मशीनवर कळायच्या आधी मला रुमालाखाली कळलं. सुरुवातीला माझं बोट त्यांच्या मुठीत नुसतं ठेवल्यासारखं असायचं. आता ते धरायचे. सौदा चढत गेला, सातावरून दहा, दहावरून पंधरा. प्रत्येक वेळी ते कुरकुरायचे आणि प्रत्येक वेळी टाळी द्यायचे. शबाना रोज डाळ, अंडं, दही मोजून-मापून नाही, भरून वाढू लागली. शर्ट अंगावर बसायला लागला.

एका गुरुवारी मी शबानाला म्हटलं, भाकरी आण. ती बघतच राहिली. ज्वारीची भाकरी, डाळीच्या दालच्यात मऊ होईपर्यंत कुस्करलेली. चाचांनी लहान घास घेतला, चावला, हनुवटी खाली केली, जोर लावला. उतरला. दुसरा. तिसरा. सुभेदारांनी हळूच सॅल्यूट ठोकला.

शबाना भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी जवळ गेले.

"रडतेस कशाला? चांगलं झालं की."

"मॅडम, मीच पातळ करत गेले," ती म्हणाली. "एकदा खोकले म्हणून भाकरीचा भात केला. मग भात मऊ केला. मग पेज. त्यांना त्रास नको म्हणून. मग एक दिवस बघितलं तर त्यांच्या ताटात चावायचं काही राहिलंच नव्हतं. आणि मला वाटत होतं, मी सेवा करते."

 

चाचा लांबून म्हणाले, "शबाना, आता साताऱ्याला कळवा. पाहुण्यांना म्हणावं, आम्ही येतो. तारीख धरू."

*

निलोफरचं सासर साताऱ्यात. तारीख धरायला चाचा, त्यांचा मुलगा, शबाना असे गेले. पावडर, ग्लास, सगळं पिशवीत. निघायच्या आदल्या दिवशी मी फोनवर उजळणी घेतली. चाचा वैतागले, "बेटा, मी हळदीचे सौदे केलेत, पाणी पिता येईल मला."

पुढचं शबानानं सांगितलं ते लिहिते.

बैठक भरलेली होती. नवऱ्या मुलाची आजी, तिला सगळे दादी म्हणतात, फार मायेची बाई. स्वतः तांब्या घेऊन आली. शबानानं पिशवीतून ग्लास काढला तर चाचांनी डोळ्यांनीच तिला दटावलं. चारचौघांत, नातीच्या होणाऱ्या सासरी, पाण्यात पावडर ढवळायची, मान खाली घालून लहान पोरासारखं चुटूचुटू प्यायचं? मुलीचा आजा पाणीसुद्धा पिऊ शकत नाही असं त्यांनी बघायचं? आणि पहिल्यांदाच आलो, त्यांच्या तांब्याला तोंड लावायचं?

चाचांनी तांब्या घेतला. मान मागं टाकली. वरून धार.

ठसका लागला. सगळी बैठक धावली. दादी सगळ्यांत पुढं. टाळूवर हात, आणि कळवळून, "वर बघा भाई, वर बघा!"

शबाना म्हणाली, "मॅडम, मी ओरडणार होते, खाली. पण अब्बांनी माझ्याकडं बघितलं. आणि दादीचा मान ठेवला. वर बघितलं."

मग खोकला दाबून धरला, डोळ्यांतलं पाणी रुमालानं टिपलं, आणि म्हणाले, "कुणीतरी आठवण काढली." सगळे हसले. तारीख ठरली. मग सरबत, मग बिर्याणी, मग आग्रह. "घ्या भाई, अजून घ्या." त्या दुपारी चाचांनी कुणालाही नाही म्हटलं नाही. हनुवटी एकदाही खाली केली नाही.

"सगळ्यांच्या बरोबर दस्तरखानावर बसले होते हो," शबाना म्हणाली. "लय खूश होते."

दोन-चार दिवसांत ताप चढला. छातीत कफ, न्यूमोनिया. सांगलीत ॲडमिट.

हे ऐकलं तेव्हा मी कुणावर चिडू? तांब्यावर? आम्ही त्यांना प्यायला शिकवलं ते रिकाम्या हॉलमध्ये, आपल्याच माणसांत. पाहुण्यांपुढं कसं प्यायचं, ते कुठल्या पुस्तकात नाही.

*

लग्न पुढं ढकलायचं घरात ठरत होतं. चाचांनी ऑक्सिजनच्या मास्कमधूनच हात हलवला. नाही. ठरलेला सौदा मोडायचा नाही.

ताप उतरला, मास्क निघाला, पण पडून राहिल्यानं महिनोन् महिने भरलेलं अंग काही दिवसांत उतरलं. म्हातारपणी हे फार झपाट्यानं होतं. नाकातून नळी घातली, जेवण त्यातून. निकाह आष्ट्यात झाला, चाचा सांगलीच्या दवाखान्यातच. आम्ही वर्गातले सगळे गेलो. चाचांनी मला जवळ बसायला सांगितलं होतं म्हणून मी दस्तरखानावर बसले. शेजारची जागा शबानानं मोकळी ठेवली होती. ताट आलं. अमरनं माझ्याकडं बघितलं आणि पाण्याचा ग्लास सरकवला.

दुपारी सगळे सांगलीला दवाखान्यात. नवरी, नवरा, शबाना, दादी. आक्का कवळी घालून आल्या होत्या. सुभेदार कोटात. नर्सनं दोन-दोन माणसांनी जा म्हटलं, आणि मग निलोफरचा शालू बघून तीच बाजूला झाली.

सकाळीच डॉक्टरांशी बोलणं झालं होतं. नळी तशीच ठेवून, तोंडानं अगदी थोडं देऊन बघायची परवानगी मिळाली होती. निलोफरनं लग्नातली खीर आणली होती. मी ती गाळून घट्ट करून घेतली.

कॉरिडॉरमध्ये दादीनं माझा हात धरला. "तुमी त्या गिळायच्या मॅडम ना? खरं सांगा. माझ्यामुळं झालं का हे?"

"नाही दादी," मी म्हटलं. "एका घोटानं नाही होत."

ते पूर्ण खोटं नव्हतं. पण दादी माझ्याकडं बघत राहिली, आणि मीच आधी नजर वळवली.

आत आम्ही चाचांना ताठ बसवलं. मी चमचा दाखवून म्हटलं, "चाचा, आज दोन चमचे. दोनच."

चाचांनी खांद्यावरचा रुमाल चाचपला. निलोफरनं तो आमच्या हातांवर टाकला. मी त्यांची दोन बोटं धरली. मग माझ्या हाताभोवती त्यांचा हात आला. पंजा. पकडीत जोर असा काही नव्हताच, पण पाचही बोटं होती. मी पुन्हा दोन धरली. त्यांनी पुन्हा पंजा. इतके महिने हा माणूस माझ्याशी भाव पाडायला भांडला होता. आज तो चढवत होता.

मी टाळी दिली.

"किती ठरलं?" अमरनं विचारलं.

सुभेदार त्याच्यावर गरजले, "साहेब! रुमालाखालचं विचारायचं न्हाई!"

निलोफरनं चमचा भरला. बांगड्या वाजू नयेत म्हणून दुसऱ्या हातानं धरून ठेवल्या. चाचांनी तोंड उघडलं, खीर घेतली, आणि थांबले. खोलीभर माणसं त्यांच्याकडं बघत होती. पाहुणे. चाचांची मान तशीच ताठ राहिली.

दादी त्यांच्या उशाशी उभी होती. तिचा हात सवयीनं त्यांच्या टाळूकडे निघाला, आणि मधेच थांबला. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, स्वतःची हनुवटी छातीला लावली आणि म्हणाली,

"खाली बघा, भाई. आमी समदे खालीच बघतोय."